भिंतीला पाणी पाजा

आमची आई न्हाणीत पडली, तेव्हा तिच्या हातात एक अख्खी टाइल होती. आंघोळ करून उठताना तिनं आधाराला म्हणून भिंतीवर हात टेकला, तर भिंतच हातात आली. टाइलला काही झालं नाही, कोपरासुद्धा उडाला नाही. मोडलं ते आईच्या खुब्याचं हाड.

मी राहूहून, म्हणजे माझ्या सासरहून, मिळेल ती जीप धरून शिरूरच्या दवाखान्यात पोचले. तिथं माझा थोरला भाऊ, आमचा दादा, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "काय न्हाई, पाय घसरला. वय झालं आता तिचं." आणि शेजारी आबा, माझे वडील, मान डोलावत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, घरातली भिंत आतून कुजून पोकळ झाली त्याचं काही नाही, आणि बोल कुणाला, तर बाईच्या पायाला! मी तिथंच म्हटलं, "दादा, पाय न्हाई घसरला, भिंत निखळली." त्यावर तो म्हणाला, "तेच की गं, एकूण एकच." एकूण एकच! हाड मोडलं त्याचं मोडलं, बाकीच्यांना सगळं एकूण एकच.

आईच्या हाडात सळई घातली. ती पडून असायची आणि आयाबाई येऊन ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसून जायची. खाटांच्या रांगेत, अर्धवट पडद्याआड, पलीकडच्या खाटेवरच्या बाईचा नवरा डबा घेऊन उभा असायचा. आमची आई म्हणजे घर जागं व्हायच्या आत कडी लावून आंघोळ उरकणारी बाई. तिचे मोकळे केससुद्धा आम्ही पोरांनी धड बघितले नव्हते. आयाबाई गेली की ती भिंतीकडं तोंड करून रडायची. एकदा माझं मनगट धरून म्हणाली, "मला दुसरं काय बी नको गं बाई. येकदा कडी लावून, माझी माझी आंघोळ करू दे. कुनाचा हात नको." त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की आई घरी यायच्या आत न्हाणी अशी झाली पाहिजे की तिनं भिंतीवर सगळा भार टाकावा आणि भिंतीनं हूं की चूं करू नये. मी सासरी निरोप धाडला आणि माहेरीच मुक्काम ठोकला.

आमचं घर तळेगाव ढमढेऱ्यात, बाजाराच्या गल्लीत. खाली आमची कांद्याची वखार, वर माडी, आणि माडीवर आम्ही. माडीची जमीन सगळी लाकडी फळ्यांची. मागच्या कोपऱ्यात न्हाणी. तिथं फळ्यांवरच चुन्याचा थर देऊन शहाबादी फरशी टाकलेली आणि भिंतीला कधीकाळी कमरेपर्यंत पांढऱ्या टाइला लावलेल्या. रांजणगावला कंपन्या सुरू झाल्या आणि दादा तिथं चिकटला, तसं घरात नवंनवं येत गेलं, पण न्हाणीकडं कुणी बघितलं नाही. टीव्ही बैठकीत दिसतो, न्हाणी कुणाला दिसते?

आता मात्र दादानं मनावर घेतलं होतं. म्हणजे काय केलं? तर टाइला आणल्या. निळ्याशार, आणि त्यांच्यात मधूनमधून उड्या मारणारे मासे. डॉल्फिन म्हणे. भीमेच्या काठची आम्ही माणसं, मरळ-वाम सोडून दुसरा मासा ठाऊक नाही, आणि आमच्या न्हाणीत डॉल्फिन! भिंत कशी आहे ते बघितलं नाही, खालची जमीन बघितली नाही, आधी टाइलांची खोकी जिन्यात रचून मोकळा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो हा असा.

मग गवंडी आला. वयानं पोक्त, कानात बाळी, तोंडात तंबाखूचा तोबरा. न्हाणीच्या दारात उभं राहून त्यानं नुसती नजर फिरवली आणि म्हणाला, "काय न्हाई वो. हाय त्याच्यावर सिमेंट मारू, वरनं नव्या टाइला. दोन दिसात चकाचक."

"आन् खाली पोकळ असंल तर?" मी विचारलं.

"ताई, टाइल बसल्यावर आतलं कोन बघतंय?"

हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की अजून कुणी 'कोण बघतंय' म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कोण बघतंय! माझ्या आईनं बघितलं होतं ना, पालथी पडून. मी म्हटलं, "मिस्त्री, बाजारात साधा माठ घेताना आमी चार बोटांनी वाजवून घेतो. आन् तुमी भित्त न वाजवताच टाइला लावायला निघालाव?" आबा आणि दादा फिदीफिदी हसले. माठ म्हणे! मी काही ऐकलं नाही. चुलीपाशी होता तो बत्त्याचा दगड उचलला आणि एकेक टाइल ठोकत गेले. दाराजवळच्या चार-पाच ठणठणीत वाजल्या. पुढं सगळ्या भदभद. नळाजवळची तर एक हात लागताच अशी सुटली की तिच्यामागनं अर्ध्या हाताचा गिलावा घेऊनच खाली आली. आत विटा काळ्याभोर, ओलसर, आणि विटांच्या सांध्यांतून मिठासारखा पांढरा खार फुटलेला. नळाचा पाइप भिंतीतल्या भिंतीत गंजून झिरपत होता. किती दिवस, देव जाणे.

हसणं बंद झालं. पण कबूल करतील तर पुरुष कसले! आबा म्हणाले, "भित्तीचं ऱ्हाऊ दे, जमीन तर पक्की हाय. सागवान हाय ते. शंभर वर्सं काय होत न्हाई त्याला." मी आईचं खुरपं आणलं. कोपऱ्यातली एक फरशी उचकटली, खालचा चुना खरवडला आणि फळीत खुरपं दाबलं. ते मुठीपर्यंत आत गेलं, भिजलेल्या पेंडीत जावं तसं. म्हणजे माझी आई रोज पहाटे ज्या जमिनीवर बसून आंघोळ करत होती, तिच्याखाली पेंड होती, आणि पेंडीखाली कांद्याची वखार. नुसतं हाडच मोडलं, ही देवाची कृपाच म्हणायची.

इतकं डोळ्यांनी बघूनही भांडण मिटलं नाही. दादा सकाळी कंपनीच्या बसनं जायचा आणि जाताना जिन्यातून हुकूम सोडायचा, "लय उकरत बसू नका, आई यायची वेळ झाली." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय? मी गवंड्यासमोर पाट टाकून बसायचे. पोकळ गिलावा सगळा पाडायला लावला, अगदी वीट दिसेपर्यंत. गंजका पाइप काढून नवा टाकला. खार तारेच्या ब्रशनं घासून काढला. दाराजवळचा जो गिलावा धड होता, त्यावर छन्नीनं टाचे मारायला लावले, म्हणजे बारीक बारीक खाचा पाडायच्या, नवा थर धरून राहावा म्हणून. गवंडी म्हणायचा, "ताई, तुमाला कंपनीत सुपरवायझर करायला पायजे." मी म्हणायचे, "पुढचा टाचा मारा." सुतारानं कुजक्या फळ्या काढून नव्या बसवल्या. आणि भिंतीत, गिलाव्याच्या आधी, विटांमध्ये खोलवर रोवून मी एक लोखंडी दांडी बसवून घेतली, आईला धरून उठायला. त्यावर गवंड्यानं पुन्हा तोंड वाकडं केलं. "दांडी काय, टाइल लावल्यावर स्क्रूनं मारता येती की." म्हणजे पुन्हा वरच्यावर! वरनं कीर्तन आन् आतनं तमाशा, हीच सगळी रीत. मी दांडी विटांतच रोवून घेतली.

गिलावा झाला. मला त्या दिवशी शिरूरला जायचं होतं, आईचे टाके काढणार होते. गवंड्यानं हातपाय धुतले आणि जिना उतरता उतरता आबांना सांगितलं, "आबा, भित्तीला चांगलं पानी पाजा बरं का. हात आखडू नका." आणि तो गेला. मीही एसटी धरली.

आता भिंतीला पाणी पाजणं म्हणजे काय, ते जगाला ठाऊक आहे. तांब्यानं नाहीतर मगानं गिलाव्यावर पाणी शिंपडायचं, तो ओला ठेवायचा, तडकू द्यायचा नाही. पण आमच्या आबांचा सगळा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेलेला. त्यांच्या लेखी पाणी पाजणं म्हणजे मोटार सुरू करायची, दारं धरायचं, म्हणजे पाटाचं तोंड वाफ्याकडं वळवायचं, आणि वाफा तुडुंब भरेपर्यंत हलायचं नाही. दुपारी लाइट आली. आबांनी खालची मोटार चालू केली, हिरवा पाइप जिन्यातून ओढत माडीवर नेला, आणि पाणी बैठकीत येऊ नये म्हणून गवंड्यानं ठेवलेल्या वाळूचा न्हाणीच्या उंबऱ्यावर असा झकास वरंबा घातला की वावरातसुद्धा इतका सरळ कधी घातला नसेल. पाइप दांडीला बांधला. बांधला तो बांधला, आणि 'भरू दे निवांत' म्हणून स्वतः पारावर जाऊन बसले.

मी शिरूरहून परतले, तर वखारीच्या दारात गर्दी. आत छतातून पाण्याच्या धारा लागलेल्या आणि कांद्याच्या गोण्या न्हाऊन निघालेल्या. वर धावले. न्हाणीत, लाकडाच्या जमिनीवर, चक्क तळं! नव्या कोऱ्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या, सांध्यांवर उचलल्या होत्या. आणि वरंबा? वरंबा शाबूत. थेंबभर पाणी उंबऱ्याबाहेर आलेलं नव्हतं. सगळं बेटं खाली गेलं होतं.

गवंड्याला बोलावलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आबा, म्या पानी पाजा म्हनलं व्हतं, पूर आना न्हाई."

आबा उसळून म्हणाले, "पाजा म्हंजी पाजा! उसाला काय चमच्यानं पाजत्यात व्हय?"

खरं सांगते, मला रडू आणि हसू एकदमच आलं. पण पहिल्यांदा राग आला. म्हाताऱ्या माणसाचा काय दोष, असं शेजारच्या बाया म्हणत होत्या. अहो, विचारलं असतं तर तोंड झिजलं असतं का? वहिनी, दादाची बायको, घरात होती, तिनं म्हटलंसुद्धा होतं, "आबा, येवढं पानी?" तर तिला उत्तर मिळालं, "तुला काय कळतंय पानी पाजायचं?" आमच्याकडं बाईला घर सारवता येतं, शिंपता येतं, पण पाणी किती लागतं ते मात्र कळत नाही.

दोन दिवसांनी आईला सोडणार होते. संध्याकाळी दादा कंपनीतून आला, फुगलेल्या फळ्या बघितल्या आणि गवंड्याला म्हणाला, "उद्या टाइला टाकून घ्या वरनं. वजनानं बसत्याल फळ्या खाली."

बसत्याल! ओलं लाकूड, त्यावर सिमेंट, त्यावर डॉल्फिन. लाकूड वाळून आकसलं की वरची टाइल उठणार, आई पुन्हा त्याच कोपऱ्यात पाय देणार. सकाळी गवंडी यायच्या आत न्हाणीत गेले आणि ओल्या फळ्यांवर मांडी घालून बसले. गवंडी आला, घमेलं घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, उठा की. माल कालवलाय."

"माझ्या अंगावर बसवा टाइला. मी काय उठत न्हाई."

गवंडी जिन्यात जाऊन तंबाखू मळत बसला. आबा येऊन बघून गेले. सुट्टीचा दिवस होता, त्यामुळं दादा घरी. तो लालेलाल होऊन आला. "तू दिल्याघरी सुखी ऱ्हा की! हितं म्हायेरात कशाला नाक खुपसतीस? घर माझं हाय का तुझं?"

हे मात्र लागलं. लेकीच्या जातीला माहेरच्या न्हाणीतली एक वीटसुद्धा आपली म्हणता येत नाही. मी म्हटलं, "घर तुझं, दादा. वीट तुझी, फळी तुझी, मासे बी तुझे. आई तेवढी माझी बी हाय. ती हितं कडी लावून एकटी आंघोळ करनार हाय, तू न्हाई. लय भरवसा आसंल तुझा या फळ्यांवर, तर ये आत. आन् मार येक उडी."

त्याला वाटलं, आता हिला दाखवतोच. सुटीच्या दिवशीही पायात कंपनीचे बूट होते, तसाच आत आला आणि मला बाजूला सारून फळ्यांच्या मधोमध जोरात उडी मारली. फळ्या मचकन दबल्या आणि सांध्यांतून पाण्याच्या चिळकांड्या उडून त्याच्या विजारीवर गेल्या. खालून वखारीतून आबांची आरोळी आली, "आरं, कोन पानी सोडतंय वर? कांद्यावर पडलं की!"

दादानं बूट काढून हातात घेतले आणि गवंड्याला म्हणाला, "वाळू द्या."

एवढं एक वाक्य ऐकायला मला सगळा जन्म खर्ची घालावा लागला असं वाटलं. फळ्या उचकटून समोरच्या ओट्यावर उन्हात टाकल्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय, माडी पाडताय का?" भिंतही वाळू दिली.

पण आई तर घरी आली. न्हाणी नाही. मग मी आणि वहिनी तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्टुलावर बसवायचो, एक जुनं लुगडं दोन खिळ्यांना बांधायचो, आणि मी तिला आंघोळ घालायचे. बैठकीत जायची वाट तिथूनच. दादा जाताना खाकरायचा, आबा खाकरायचे, आणि प्रत्येक खाकरण्याला आई अंग चोरून घ्यायची. पाठीवरून माझा हात फिरताना ती डोळे गच्च मिटून बसायची. "लाज इकली बाई म्या," म्हणायची. ज्या बाईनं आम्हा सगळ्यांना न्हाऊ-माखू घातलं, तिला तिच्याच घरात चार भिंती धड मिळू नयेत? कुणाकुणाचा राग करावा तेच कळेना, म्हणून सगळ्यांचाच केला.

फळ्या वाळल्या. त्यांच्याखाली आडवे जादा वासे घालून त्या घट्ट ठोकल्या. वर डांबराचा हात, त्यावर तारेची जाळी, जाळीवर कोबा, म्हणजे सिमेंटचा जाड थर, आणि या खेपेला पाणी मी पाजलं, तांब्यानं. मग कुठं टाइला. खाली खरबरीत, भिंतीला निळ्या. डॉल्फिन दादानं स्वतः उभं राहून डोळ्यांसमोर येतील असे लावून घेतले. लावू दे बापडा. सगळं झाल्यावर मी दांडीला दोन्ही हातांनी लोंबकळले. गवंडी ओरडला, "ताई, टाइला फुटत्याल!" मी म्हटलं, "फुटायच्या तर आता माझ्या हातात फुटू द्या." एकसुद्धा हलली नाही.

आणि मग गल्लीतली माणसं न्हाणी बघायला येऊ लागली. मासे बघून जो तो म्हणायचा, "लेकानं आईसाठी काय बाथरूम केलं! नशीब काढलंस गं." दादा मान खाली घालून हसायचा. मी चहा करायचे आणि दात आवळून कपबशा पुढं करायचे. आई काहीच म्हणायची नाही. ती तशी कधीच काही म्हणत नसे, निदान मला तरी तसंच वाटत होतं.

पहिल्या आंघोळीच्या दिवशी मी बादली भरून आत ठेवली. आई वॉकर टेकत टेकत गेली. दारात वळून माझ्या हातातला टॉवेल तिनं घेतला आणि मलाही डोळ्यांनीच 'हो बाजूला' सांगितलं. आतून कडी लागली. आम्ही सगळे बाहेर; मी दाराला चिकटून, वहिनी पलीकडं, आबा आणि दादा बैठकीत येरझारा घालत. पाण्याचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. बराच वेळ गेला. दादाला बस गाठायची होती, आबांना वखारीत जायचं होतं, आणि दोघांनाही आधी आंघोळ करायची होती.

आबांनी दारावर थाप मारली. "झालं का न्हाई गं? येवढा येळ कसला?"

दादा म्हणाला, "आई, आवर की. लाइट जाईल, मोटार बंद व्हईल."

आत पाण्याचा आवाज थांबला. आणि आईचा आवाज आला. चढा नाही, रडका नाही, भाजी निवडताना बोलावं तसा.

"नळाजवळची टाइल हलतीया, नळाजवळची टाइल हलतीया, म्हनून दोन दिवाळ्या सांगत व्हते. तवा कुनाला घाई नव्हती. आता मला बी न्हाई."

मी आबांकडं बघितलं. मग दादाकडं बघितलं. 'कवा सांगितलं व्हतंस?' असं दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.